सुईला कारण लागतं

खान्देशातल्या कुठल्याही दवाखान्यात सकाळी तासभर बसून पाहा. पोट धरून आलेला माणूस डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर टेकतो आणि तपासणी सुरू व्हायच्या आत सांगून मोकळा होतो, "डॉक्टरसाहेब, माले गोयी नको, सुई द्या." कपाशी वेचणीला आलेली असते, मजूर ठरलेले असतात, त्याला आजच्या आज उभं राहायचं असतं. सुई म्हणजे खरं औषध आणि गोळी म्हणजे वेळकाढूपणा, हा समज जळगाव-धुळ्याच्या गावागावांत मुरलेला आहे.

अमिबामुळे होणाऱ्या आजारांपुरता हा समज शंभर वर्षांपूर्वी खरा होता. रक्ती आव किंवा यकृतातलं गळू झालेला माणूस त्या काळी सुईमुळेच वाचत होता. आज मात्र त्याच आजारात बहुतेकांना सुईची गरज नसते, आणि ज्यांना ती लागते त्यांना ती नीट देण्याचे नियम आहेत. मधल्या काळात काय बदललं ते कळलं, तर स्टुलावर बसताना आपण काय मागावं हेही कळेल.

आतड्यातून यकृतात

या अमिबाचं पूर्ण नाव एन्टअमिबा हिस्टोलिटिका. हिस्टोलिटिका म्हणजे ऊती विरघळवणारा. १८७५ साली रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये फेडोर लोश या डॉक्टरांना आव झालेल्या एका रुग्णाच्या शौचात हा एकपेशी जीव दिसला. पुढे १९०३ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ शॉडिन यांनी त्याला हे नाव दिलं.

त्याची दोन रूपं असतात. एक कोशातलं. हा गोल कोश साधारण एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. ओलाव्यात तो कित्येक दिवस तग धरतो आणि पाण्यातून, भाजीतून, न धुतलेल्या हातांवरून आपल्या पोटात जातो. आतड्यात कोश उघडला की अमिबा दुसऱ्या, हालत्या-खात्या रूपात येतो. बहुतेक माणसांच्या आतड्यात तो गुपचूप राहतो. काहींच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरात मात्र तो शिरतो, तिथे व्रण पाडतो आणि मग मुरडा, आव, रक्त असं सगळं सुरू होतं.

आतड्याकडचं रक्त आधी यकृताकडे जातं. त्या वाटेने अमिबा यकृतात पोचला की तिथल्या पेशी विरघळवत जातो आणि गळू तयार होतं. लोक म्हणतात, "लिव्हरला पू झाला." आत असतो तो नेहमीचा पांढरा-पिवळा पू नसतो. विरघळलेल्या यकृताचा तो काकवीच्या रंगाचा, घट्टसर द्रव असतो. गळू बहुधा यकृताच्या उजव्या भागात होतं. ताप येतो, उजव्या बरगडीखाली ठणका लागतो, कधी उजवा खांदा दुखतो, त्या कुशीवर झोपता येत नाही. फसवी गोष्ट अशी की अशा बहुतेक रुग्णांना त्या वेळी जुलाब नसतात. आव कधी होऊन गेली हे आठवतही नाही. म्हणून हा ताप मलेरियाचा किंवा टायफॉइडचा समजून दिवस वाया जातात.

हे गळू स्त्रियांपेक्षा पुरुषांत सात ते दहा पट अधिक दिसतं, तेही ऐन कमावत्या वयात. दारू पिणाऱ्यांत त्याचं प्रमाण जास्त असतं. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या तालुक्यांतून ताप आणि ठणका घेऊन निघालेला माणूस शेवटी धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या, २०१८ साली सुरू झालेल्या, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचतो. तो घरातला कर्ता माणूस असतो. म्हणून हा विषय नुसता पोटाचा राहत नाही.

उलटी आणणारं मूळ

ब्राझीलच्या जंगलात इपेकाक नावाचं एक झुडूप आहे. त्याचं मूळ आवेवर चालतं हे तिथल्या मूळ रहिवाशांना ठाऊक होतं. युरोपात ते सतराव्या शतकात पोचलं. १८१७ साली पॅरिसमध्ये पेलतिए आणि माझांदी या दोघांनी त्या मुळातलं सत्त्व वेगळं काढलं आणि त्याला एमेटिन म्हटलं. या शब्दाचा अर्थच उलटी आणणारं. भारतात इंग्रजी अमदानीत दार्जिलिंगजवळच्या मुंगपू इथे या झुडपाची लागवडही झाली.

औषध होतं, पण ते पोटात टिकत नव्हतं. मुळाची पूड दिली की रुग्ण ओकायचा. उलटी थांबावी म्हणून आधी अफू द्यायची, मग पूड, मग रुग्णाला निपचित पडून राहायला सांगायचं. एवढं करूनही किती औषध आत राहिलं याचा हिशेब लागत नसे.

आपल्याकडेही आवेवर झाडाची साल होतीच. सातपुड्याच्या पानगळी जंगलात कुडा उगवतो. आयुर्वेदातला कुटज तो हाच. त्याच्या सालीचा काढा, कुटजारिष्ट, कुटजघनवटी आजही विकली जाते. त्यातल्या कोनेसीन या सत्त्वाचा अमिबावर परिणाम होतो, हे पुढे प्रयोगशाळांतही दिसलं. पण यकृतात गळू होऊन तापाने फणफणलेल्या माणसाला काढ्याने उठवणं अवघड होतं.

१९१२ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक लिओनार्ड रॉजर्स यांनी वेगळी वाट धरली. अमेरिकन लष्करी डॉक्टर एडवर्ड व्हेडर यांनी फिलिपिन्समध्ये नुकतंच दाखवलं होतं की अगदी विरळ केलेल्या एमेटिननेही अमिबा मरतो. रॉजर्स यांनी एमेटिनचा विरघळणारा क्षार घेतला आणि तो सुईने त्वचेखाली टोचला. औषध पोट टाळून थेट रक्तात गेलं आणि मरणाच्या दारात असलेले रुग्ण काही दिवसांत सावरू लागले. पुढची पन्नासेक वर्षं देशभर गंभीर आवेवर आणि लिव्हरच्या पुवावर मुख्य औषध हेच राहिलं.

इथे सुईला भक्कम कारण होतं. तोंडाने दिलेलं औषध उलटून पडत होतं, म्हणून ते टोचावं लागलं. सुईत वेगळी शक्ती होती असं नव्हे.

अमिबाला घाव, हृदयालाही घाव

एमेटिन अमिबाला मारतं ते त्याच्या पेशीतलं प्रथिनं घडवण्याचं काम बंद पाडून. हीच यंत्रणा माणसाच्या पेशींतही असते आणि एमेटिनला दोघांतला फरक कळत नाही. हृदयाचा स्नायू कधी थांबत नाही, म्हणून त्याला फटका लवकर बसतो. नाडी वाढते, रक्तदाब उतरतो, हृदयाच्या आलेखात बदल दिसतात. हातापायांच्या स्नायूंत अशक्तपणा येतो, टोचल्या जागी गाठ येऊन दुखते. या औषधाने स्वतःच मळमळ आणि जुलाब होतात, तेव्हा घरच्यांना वाटे की आजार उलटला, आणखी सुया हव्यात. हा गैरसमज जिवावर बेतू शकत होता.

त्यात एमेटिन अंगातून लवकर जात नाही. शेवटच्या सुईनंतर चाळीस ते साठ दिवसांनीही ते लघवीत सापडू शकतं. रोजची सुई रोजच्या रोज संपत नाही, आदल्या दिवशीच्या शिलकीत भर पडत जाते. या एका गोष्टीतून त्याचे सगळे नियम निघाले.

ते नियम असे. मात्रा वजनावर ठरवायची, दर किलोला दिवसाला एक मिलिग्राम. माणूस कितीही धिप्पाड असला तरी दिवसाला साठ मिलिग्रामच्या वर जायचं नाही आणि कोर्स दहा दिवसांच्या पुढे न्यायचा नाही. म्हणजे पन्नास किलोच्या शेतमजुराला रोज पन्नास, आणि ऐंशी किलोच्या पैलवानालाही साठच. म्हाताऱ्यांना आणि अशक्तांना याहून कमी. सुई खोल स्नायूत किंवा त्वचेखाली द्यायची, शिरेतून कधीच नाही. कोर्स चालू असताना रुग्णाने खाटेवरच राहायचं आणि नंतरही काही आठवडे श्रमाचं काम करायचं नाही. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असेल तर ही सुई द्यायचीच नाही. पुन्हा कोर्स लागलाच तर मध्ये किमान सहा आठवड्यांचं अंतर ठेवायचं.

वॉर्डातलं दृश्य डोळ्यांसमोर आणा. सिस्टर सुई भरून थेट टोचत नाही. आधी ती मनगट हातात धरून घड्याळाकडे पाहते, नाडी मोजते, दाब घेते, कालच्या आकड्याशी ताडून पाहते. नाडी बरीच चढलेली असेल किंवा दाब उतरलेला असेल, तर सुई ट्रेमध्येच राहते आणि डॉक्टरांना बोलावलं जातं. न टोचलेली सुईही उपचाराचाच भाग होती.

१९५९ च्या सुमारास डिहायड्रोएमेटिन हे कृत्रिम औषध आलं. अंगातून ते लवकर निघून जातं आणि हृदयाला त्याचा त्रास तुलनेने कमी होतो. त्याची मात्रा दर किलोला एक ते दीड मिलिग्राम, दिवसाला जास्तीत जास्त नव्वद. पण नाडी, दाब, आलेख आणि विश्रांती यांचे नियम त्यालाही तसेच लागू होते. आज ही दोन्ही औषधं जवळपास इतिहासजमा झाली आहेत. कुठे अपवादाने लागलीच, तर त्यांची जागा रुग्णालयातल्या खाटेवर आहे. गावच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर ती कधीच नव्हती.

डर्बनची बातमी

१९६६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमधून पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. मेट्रोनिडाझोल हे औषध तेव्हा स्त्रियांच्या एका योनिविकारासाठी वापरलं जात होतं. तेच आतड्यातल्या अमिबावर आणि यकृतातल्या गळूवरही चालतं, असं त्यांनी दाखवलं. आपल्याकडे ते फ्लॅजिल, मेट्रोजिल या नावांनी घरोघर माहीत आहे.

त्याची मारण्याची रीत निराळी आहे. अमिबा प्राणवायूवाचून जगणारा जीव आहे. त्याच्या पेशीत गेल्यावरच मेट्रोनिडाझोलचं रूप बदलतं, ते विषारी होतं आणि त्याचा डीएनए तोडतं. प्राणवायूवर चालणाऱ्या आपल्या पेशींत हा बदल तसा होत नाही. एमेटिनला जो भेद कळत नव्हता, तो या औषधाला कळतो.

सुईच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मेट्रोनिडाझोलची गोळी गिळली की ती जवळजवळ सगळीच्या सगळी रक्तात उतरते, तेही तास-दोन तासांत. रक्तातून ती यकृतात, गळूच्या आतही पोचते. शिरेतून दिलेली बाटली यापेक्षा वेगळं काही करत नाही. औषध तेच, मात्रा तीच, पोचण्याचं ठिकाण तेच. ज्या कारणासाठी रॉजर्स यांनी सुई उचलली, ते कारण डर्बनच्या बातमीबरोबर बहुतेक रुग्णांपुरतं संपलं.

मग सलाईनमधून कधी?

कारण बहुतेकांपुरतं संपलं, सगळ्यांपुरतं नाही. सारखी उलटी होते आहे आणि गोळी पोटात ठरत नाही. रुग्ण ग्लानीत आहे, गिळू शकत नाही. आतड्याला भोक पडलं आहे किंवा गळू फुटून पोटात, छातीत गेलं आहे आणि ऑपरेशनची तयारी चालू आहे. दाब उतरलेला आहे आणि आतडं औषध नीट शोषेल याची खात्री नाही. अशा वेळी मेट्रोनिडाझोल शिरेतून द्यावंच लागतं आणि त्यात दिरंगाई करायची नसते. पाहिलंत, ही सगळी कारणं तोंडाची वाट बंद असल्याची आहेत. माणूस घोटभर पाणी ठेवू लागला, जेवू लागला, की गोळीवर यायचं.

समजा, चोपड्याकडचा पस्तिशीचा शेतकरी ताप आणि बरगडीखालचा ठणका घेऊन आला. सोनोग्राफीत सहा सेंटिमीटरचं गळू दिसलं. तो चालत आला आहे, चहा प्यायला आहे, उलटी नाही. त्याला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर ते त्याला हलकं लेखत नाहीत. जे औषध शिरेतून जाणार होतं तेच ते तोंडाने देत आहेत, आणि शिरेला सूज येणं, टोचल्या जागी जंतू शिरणं हे धोके टाळत आहेत. बोगस डॉक्टराच्या हातची, नीट निर्जंतुक न केलेली सुई कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेऊ शकते. सुई नको असायला हेही पुरेसं कारण आहे.

शंभर मिलिलिटरची बाटली

वॉर्डात तिला नुसतं "मेट्रो" म्हणतात. प्लास्टिकची छोटी बाटली, शंभर मिलिलिटर द्रव, त्यात पाचशे मिलिग्राम औषध. मोठ्या माणसाला बहुधा दर आठ तासांनी एक. आठ तासच का, तर रक्तातलं औषध निम्म्यावर यायला साधारण आठ तास लागतात. सकाळची बाटली उशिरा लागली म्हणून दुपारची आणि सकाळची एकापाठोपाठ संपवायची, असं करायचं नसतं.

बाटली लावण्याआधी ती उजेडात धरून पाहावी लागते. द्रव स्वच्छ, रंगहीन ते फिकट पिवळसर हवा. गढूळपणा, तरंगणारा कण, ओलं वेष्टन किंवा उलटलेली तारीख दिसली की ती बाटली बाजूला काढायची. औषधाला तीव्र उजेड सोसत नाही, म्हणून ती उन्हाच्या खिडकीत ठेवत नाहीत. तिच्यात दुसरं कुठलंही इंजेक्शन मिसळायचं नाही. दुसरं औषध द्यायचं तर आधी नळी धुऊन, वेगळ्या वेळी.

आता थेंब मोजू. आपल्याकडच्या नेहमीच्या सेटमधून वीस थेंबांत एक मिलिलिटर उतरतं. म्हणजे बाटलीत दोन हजार थेंब. बाटली किमान वीस मिनिटांत आणि सहसा अर्ध्या ते एका तासात उतरवतात. चाळीस मिनिटांत उतरवायची तर मिनिटाला पन्नास थेंब पडायला हवेत. नळीवरचं चाक फिरवून सिस्टरने तो वेग बसवलेला असतो. "लवकर संपू द्या, गाडी निघून जाईल," म्हणून नातेवाइकाने ते चाक सैल करू नये. हाताला आग होणं, शीर लाल होऊन दोरीसारखी कडक लागणं, सुईभोवती फुगणं यांपैकी काहीही झालं तर "सिस्टर!" म्हणून हाक मारावी, स्वतः नळी ओढू नये.

आणखी एक बारकावा. या बाटलीत औषधाबरोबर साधारण पाऊण ग्रॅम मीठही असतं. दिवसाच्या तीन बाटल्यांचं मिळून दोन ग्रॅमच्या वर जातं. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्या, अंगावर सूज येणाऱ्या माणसाला ते मोजावं लागतं. सलाईन म्हणजे नुसती ताकद, असं समजणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

न विचारताही सांगायचं

काही गोष्टी रुग्णाने आपणहून सांगाव्यात. पहिली दारूची. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावरही किमान तीन दिवस दारू प्यायली, तर चेहरा लाल होणं, जोराची उलटी, छातीत धडधड, डोकं ठणकणं असा त्रास होऊ शकतो. गळूचे कितीतरी रुग्ण रोज पिणारे असतात, म्हणून ही सूचना इथे महत्त्वाची. शिवाय रोजची दारू अचानक सुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम, भ्रम होऊ शकतो. आधी माहीत असेल तर डॉक्टर त्याची तजवीज करतात. घरच्यांनी लाजेपायी हे लपवू नये आणि डॉक्टरांनीही खडसावून विचारू नये. खडसावलं की माणूस खोटं बोलतो आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर ते सांगावं, कारण मेट्रोनिडाझोल तिचा जोर वाढवतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. फिटचे झटके, मनोविकारासाठी लिथियम, गर्भारपण, अंगावर पाजणारं बाळ, आधीचा यकृताचा गंभीर आजार, यातलं जे असेल ते सांगावं. यकृत फारच निकामी झालेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते.

तोंडात धातूसारखी चव, मळमळ, लघवी गडद तांबूस होणं हे त्रास बहुधा घाबरण्यासारखे नसतात. पण हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा, चालताना तोल जाणं, बोलताना जीभ जड होणं, झटका येणं ही लक्षणं दिसली की लगेच डॉक्टरांना गाठावं. हे त्रास क्वचित होतात आणि बहुधा औषध लांबलं की होतात. म्हणूनच "थोडं आणखी घेऊन टाकू" म्हणत ठरलेले दिवस वाढवत नेणं घातक असतं.

तिसरा दिवस आणि सहावा महिना

औषध लागू पडलं की तीन-चार दिवसांत ताप उतरतो, ठणका कमी होतो, भूक लागते. मोठ्या माणसात गोळीची मात्रा पाचशे ते साडेसातशे मिलिग्राम, दिवसातून तीनदा, पाच ते दहा दिवस अशी असते, किंवा टिनिडाझोल दिवसातून एकदा. किती आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतात. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, गळू फार मोठं असलं, फुटायच्या बेतात असलं किंवा डाव्या भागात, हृदयाच्या वेष्टणाजवळ असलं, तर सोनोग्राफीत पाहत सुई किंवा बारीक नळी घालून द्रव काढतात. ही सुईसुद्धा कारण पाहूनच घातली जाते.

पुढे एक चूक नेहमी होते. महिनाभराने पुन्हा सोनोग्राफी होते आणि रिपोर्टात गळूची पोकळी दिसते. घर हादरतं आणि नव्याने सुया सुरू होतात. पण ती पोकळी भरून यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. ताप नाही, दुखत नाही, वजन वाढतंय, तर ती पोकळी म्हणजे भरत चाललेली जखम आहे. उपचार रुग्णाकडे पाहून करायचा असतो, नुसत्या चित्राकडे पाहून नाही.

दुसरी चूक याच्या उलट होते. मेट्रोनिडाझोल यकृतातला अमिबा मारतं, पण आतड्याच्या पोकळीत राहिलेल्यांवर त्याचा पुरेसा जोर चालत नाही. नुसत्या या औषधावर थांबलं तर शंभरातल्या चाळीस ते साठ जणांच्या आतड्यात अमिबा उरतो. म्हणून त्यामागे डायलोक्सानाइड फ्युरोएट, दिवसातून तीनदा पाचशे मिलिग्राम, दहा दिवस किंवा पॅरोमोमायसिन असा दुसरा कोर्स लागतो. तोवर माणूस बरा होऊन शेतात गेलेला असतो आणि त्या साध्या गोळ्या राहून जातात. सुईसाठी अडून बसणाऱ्या माणसाकडून शेवटची गोळी मात्र सुटते, आणि आजार परततो तो याच फटीतून. सुट्टीच्या कागदावर हे दुसरं औषध लिहिलं आहे का, हे घरच्यांनी पाहून घ्यावं.

रिपोर्टातला कोश

प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर "सिस्ट" हा शब्द दिसला की औषध सुरू होतं. पण या अमिबाचा एक हुबेहूब जुळा आहे, एन्टअमिबा डिस्पार. तो निरुपद्रवी आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे कोश सारखेच दिसतात. हे दोन वेगळे जीव आहेत, यावर १९९३ साली शिक्कामोर्तब झालं. जगभर सापडणारे बहुसंख्य कोश या निरुपद्रवी जुळ्याचेच असतात. लक्षण काही नाही आणि चिठ्ठीत कोश आहे, एवढ्यावरून सुया घेऊ नयेत.

साध्या पाण्यासारख्या जुलाबांचंही तसंच. ते बहुधा विषाणूंमुळे होतात. तिथे मेट्रोचा उपयोग नसतो, उपयोग असतो तो मीठ-साखरेच्या पाण्याचा. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने देऊन हजारो जीव वाचवले. माणूस पिऊ शकत असेल तर तोंड हीच सर्वात चांगली शीर आहे, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा?

भरिताच्या पंगतीत

हिवाळ्यात जळगावकडे शेतात भरिताची पार्टी होते. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जातात, सोबत कळण्याची पुरी, कांद्याची पात, मुळा, काकडी. वांग्यातला कोश विस्तवाने मरतो. कच्च्या पातीच्या आणि मुळ्याच्या खाचांत मात्र तो टिकतो, विशेषतः ती नाल्याच्या पाण्यावर वाढलेली असेल किंवा डबक्यात बुचकळून बाजारात आलेली असेल तर. पात सुटी करून वाहत्या, स्वच्छ पाण्यात एकेक पान चोळून धुवावी. पार्टीची चव त्याने कमी होत नाही.

धुळ्यासारख्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येणं नवं नाही. मधल्या दिवसांत रिकाम्या पाइपात फुटक्या जागेतून गटाराचं पाणी शिरतं आणि पुढच्या खेपेला तेच घरात येतं. नळाच्या पाण्यात नेहमी असतं तेवढ्या क्लोरीनने अमिबाचा कोश मरत नाही. खळखळून उकळलेल्या पाण्यात मरतो. साठवलेल्या पिंपात हात बुडवू नये, ओगराळं वापरावं. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, नखं कापलेली ठेवावीत.

आणि पोट बिघडलंच, तर स्टुलावर बसल्यावर सुई मागण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. मी गिळू शकत असताना मला सुई का हवी? हे औषध किती दिवस घ्यायचं? यामागून आतड्यातल्या उरलेल्या अमिबासाठी कुठली गोळी घ्यायची? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावणार नाही. सुईला कारण असेल तर ते तो सांगेल आणि मग ती बिनधास्त घ्या. कारण नसेल, तर गोळी घेऊन घरी जा आणि शेवटच्या गोळीपर्यंत घ्या.